मास्तरांचा कान

कोलंबियातल्या काली शहराच्या पाणीखात्यात आर्नोबियो लास्प्रियाने एकतीस वर्षं नोकरी केली, आणि ती सगळी कानाच्या जोरावर. लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते सांगायचं, हे त्याचं काम. पुढे खात्याने परदेशी यंत्रं आणली, पण यंत्राने दाखवलेल्या जागी खणून कोरडी माती निघाली की साहेब लोक मुकाट्याने आर्नोबियोलाच बोलावत. तो यायचा, सळई टेकवायचा, दोन पावलं डावीकडे सरकायचा आणि म्हणायचा, "इथे." तिथे पाणी निघायचं. असा माणूस निवृत्त झाल्यावर नम्र राहील अशी अपेक्षा कुणी केली नव्हती, आणि तो राहिलाही नाही.

ओब्रेरो वस्तीत त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने एक दिवस शिकवलं नव्हतं, पण गाणं कसं ऐकावं हे तो आल्यागेल्याला शिकवत असे, कुणी विचारलेलं नसताना. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याच्या पुढच्या खोलीत ऐकणाऱ्यांची बैठक भरे. आमच्याकडची ही जुनी रीत. प्रत्येकाने आपली एक तबकडी, म्हणजे सीडी, आणायची, तिची हकिकत सांगायची, ती स्वतःच्या हाताने यंत्रात घालायची आणि स्वतःच काढायची. गाणं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याच्या तबकडीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. रूबिएल न्हाव्याला तेवढी गाण्याबरोबर गुरांच्या गळ्यातली घंटा वाजवायची मुभा होती, कारण तो ताल चुकत नसे.

गाणं संपलं की सगळे मास्तरांकडे बघत. मास्तर डोळे मिटून बसलेले असत. मग ते हळूच डोळे उघडत आणि निकाल देत.

त्यांच्या संचात सीडी फिरवून वाचणारं यंत्र वेगळं होतं आणि वाचलेल्या आकड्यांचा आवाज करणारी पेटी वेगळी. फिरवणाऱ्या यंत्राला या नादातले लोक ट्रान्सपोर्ट म्हणतात. मास्तरांचं ट्रान्सपोर्ट इंग्लंडात घडवलेलं, उचलताना कंबर धरेल इतकं जड, आणि समोर निळा दिवा. निवृत्तीचे पैसे आले त्याच महिन्यात ते घरात आलं होतं, आणि बायकोचं, म्हणजे मेल्बाचं, नवं स्वयंपाकघर त्याच महिन्यात पुढे ढकललं गेलं होतं. ते अजून पुढेच होतं.

हे ट्रान्सपोर्ट एका मंगळवारी मेलं. तबकडी आत घेई, दोनदा गरगरे आणि "तबकडी नाही" असं दाखवून थांबे. एव्हेलियोला जाऊन वर्ष व्हायला तेव्हा बारा दिवस उरले होते. एव्हेलियो हा बैठकीतला सगळ्यात जुना माणूस. त्याच्या विधवेने सांगून ठेवलं होतं, की सकाळी चर्चमध्ये प्रार्थना होईल आणि दुपारी मास्तरांकडे त्याची आवडती गाणी वाजतील, सगळ्यांनी यायचं. आर्नोबियोने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

तो यंत्र घेऊन सान निकोलास वस्तीत देयानिराच्या दुकानात गेला. देयानिरा पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत होती आणि गिऱ्हाइकाची भीड ठेवत नव्हती.

"डोळा गेलाय याचा," ती झाकण उघडून म्हणाली. "लेझरचा. असा डोळा आता कुणी बनवत नाही."

"शोध ना."

"तीन ठिकाणी फोन केले, मास्तर. बोगोटाचा माणूस हसला आणि मला आजी म्हणाला."

मग आर्नोबियो स्वतः शोधायला निघाला. नव्या ट्रान्सपोर्टची किंमत ऐकून तो दुकानातल्या खुर्चीवर बसला. चार महिन्यांचं पेन्शन जाणार होतं. सिलोए वस्तीच्या चढावर एकाकडे वापरलेलं होतं. साडेतीनशे पायऱ्या चढून तो वर गेला, तर त्या यंत्राला तिसऱ्या गाण्याला उचकी लागली. मालक म्हणाला, "पहिली दोन तर छान वाजतात ना?" दक्षिणेकडच्या श्रीमंत वस्तीत एका दंतवैद्याकडे अगदी हवं तसं होतं, पण त्याने सांगितलेला आकडा ऐकून आर्नोबियोने शांतपणे कॉफी संपवली आणि बायकोची तब्येत पुढे करून काढता पाय घेतला. सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी तो पुन्हा देयानिराच्या दारात उभा राहिला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आवाज तुमची ती दुसरी पेटी करते. हे यंत्र फक्त आकडे वाचून तिला देतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग कुठलाही जुना डीव्हीडी प्लेयर घ्या. मागे हे नारिंगी भोक असलं की झालं. त्यातून वायर काढा, पेटीला लावा. पेटीला काय कळतंय आकडे कुणी वाचले ते."

"डीव्हीडी प्लेयर?" आर्नोबियो म्हणाला. "त्याच्यावर पोरं कार्टून बघतात."

हेच वाक्य, याच तोऱ्यात, तो सहा वर्षांपूर्वी फानोरच्या घरी बोलला होता.

फानोर काइसेदो हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. सोफे-खुर्च्यांना गाद्या चढवणारा. आर्नोबियो ज्या खुर्चीत डोळे मिटून बसे ती फानोरनेच मढवली होती, आणि पैसे घेतले नव्हते. फानोरलाही आपल्या घरी एकदा बैठक भरवायची होती. त्याने दोन वर्षं एकेक वस्तू जमवली: कुणाचा मोडका स्पीकर आणून दुरुस्त केला, आवाजाची पेटी हप्त्याने घेतली, आणि तबकडी फिरवायला बाजारातून जुना डीव्हीडी प्लेयर आणला. त्याला चष्म्याशिवाय बटणं दिसत नसत, म्हणून बायकोने, ओतिलियाने, वाजवायच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. त्या रविवारी ओतिलियाने तीस तमाल केले होते. पहाटेपासून मक्याचं पीठ, डुकराचं मांस, केळीची पानं, सगळं एकटीने.

फानोरने पियानोची एक जुनी पोर्तो रिकोची तबकडी लावली. तिची गंमत अशी, की मधल्या तुकड्यात पियानो वाजवणारा स्वतःशीच बारीक गुणगुणतो. लोक खूश होऊन माना डोलवत होते. गाणं संपलं आणि सगळे मास्तरांकडे वळले.

मास्तरांनी डोळे उघडले. "फानोर," ते म्हणाले, "त्या पियानोवाल्याचं गुणगुणणं कुठे गेलं? अरे, हा टिनाचा डबा आहे. याच्यावर पोरं कार्टून बघतात. आणि हे काय, नेलपॉलिश? लिपस्टिक तेवढी लावायची राहिली वाटतं!"

खोली हसून हसून लोळली. फानोरही हसला, थोडंसं. अर्ध्या तासात कुणाला काही काम निघालं, कुणाला काही. तमाल टोपलीतच राहिले. त्यानंतर फानोर बैठकीला आला नाही, आणि ओतिलिया मेल्बाला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. त्या दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या.

"हा बघा," देयानिरा म्हणाली. तिने रेडिओच्या ढिगाखालून एक चपटा काळा डबा ओढून काढला आणि फडक्याने पुसला. "एक जण विकायला ठेवून गेला, परत फिरकलाच नाही. पाच-सहा वर्षं माझ्या रेडिओंचं ओझं वाहतोय. पण वाचतो झकास."

धूळ गेली आणि बटणावरचा लाल ठिपका दिसला.

आर्नोबियोने ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग त्याने विचारलं, "दुसरा नाही का एखादा?"

"आहेत तीन. नारिंगी भोक यालाच आहे. काय झालं, रंग आवडला नाही?"

किंमत एका जेवणाएवढी होती. त्याने ती दिली आणि डबा वर्तमानपत्रात गुंडाळून मागितला. बसमध्ये तो पुडकं मांडीवर घेऊन, वर हात ठेवून बसला, जणू कुणी उघडून बघणार होतं.

घरी त्याने पुढचं दार लावून वायर जोडली. त्याच्याकडेही ती पियानोची तबकडी होती, तीच त्याने घातली. मधला तुकडा आला. पियानोवाला गुणगुणला, अगदी स्पष्ट, श्वासासकट. आर्नोबियोने ते तीनदा ऐकलं. इंग्लंडच्या यंत्रात आणि या डब्यात काही फरक असलाच, तर तो भुईतली गळती ऐकणाऱ्या कानालाही सापडला नाही.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच होती, ती त्याला एकट्यालाच ठाऊक होती. फानोरच्या घरीही त्याला ते गुणगुणणं ऐकू आलं होतं.

"हा रंग ओतिलियाचा," मागून मेल्बाचा आवाज आला. ती हात पुसत उभी होती. "ती बाटली मी दिली होती तिला, वाढदिवसाला. कुठून आणलात हा?"

त्याने सांगितलं. अर्धंच सांगितलं.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"एव्हेलियोचं वर्ष होऊ दे. लोकांसमोर आता कुठे..."

"लोकांसमोर हसवताना तुम्हाला अडचण आली नव्हती," मेल्बा म्हणाली. "तुमच्या कानापायी माझी मैत्रीण गेली. मी काही बोलले नाही, कारण मला वाटायचं, कानाचं तुम्हाला कळतं." ती आत गेली आणि तिने भांडी जरा जोरानेच घासली.

रविवारी दुपारी खोली भरली. आर्नोबियोने कपाटाच्या खालच्या फळीला पडदा लावून डबा त्याच्यामागे ठेवला होता. वर मेलेलं इंग्रजी यंत्र, निळा दिवा चालू. सुरुवातीलाच त्याने घसा खाकरून सांगितलं, की यंत्राचा डोळा नाजूक झालाय, त्यामुळे आज तबकड्या तो स्वतः घालेल आणि काढेल.

कुजबुज झाली. रीत मोडणं कुणाला आवडलं नाही.

"उद्या घासही तुम्हीच भरवा, मास्तर," रूबिएल म्हणाला. "आमचे दात नाजूक झालेत." लोक हसले आणि विषय संपला.

मग दारात फानोर उभा राहिला. मागे ओतिलिया. एव्हेलियो फानोरचा मावसभाऊ, त्याच्यासाठी तो आला होता. केस सगळे पांढरे झालेले, हातात एकच तबकडी.

"नमस्कार, मास्तर," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर बसतो."

सहा वर्षांपूर्वी तो आर्नोबियोला अरेतुरे करायचा. हे "तुम्ही" आर्नोबियोला शिवीपेक्षा जास्त लागलं. त्याने हाताने खुर्ची दाखवली. मेल्बा उठून ओतिलियाच्या शेजारी जाऊन बसली. ओतिलिया सरकली नाही, पण वळलीही नाही.

चार वाजले, डोंगरावरचा वारा सुटला, खिडक्या उघडल्या. एकेक गाणं झालं. प्रत्येक वेळी आर्नोबियो तबकडी घेऊन वाकायचा, पडद्यात हात घालायचा, लाल ठिपका चाचपायचा. "काय आवाज आहे!" लोक म्हणत. "यंत्र ते यंत्र!" त्याने दरवेळी मान हलवली. निकाल मात्र एकदाही दिला नाही, आणि लोकांना वाटलं, एव्हेलियोच्या आठवणीने मास्तर गप्प झालेत.

शेवटी फानोर उठला. "ही पियानोची तबकडी मी आणि एव्हेलियोने निम्मे निम्मे पैसे घालून घेतली होती," तो म्हणाला. "एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. तो गेला तेव्हा महिना त्याचा होता. वहिनींनी ती परत पाठवली, पण मी लावली नाही." त्याने तबकडी पुढे केली, क्षणभर धरून ठेवली, मग सोडली.

गाणं वाजलं. मधला तुकडा आला. पियानोवाला गुणगुणू लागला. फानोरचं तोंड किंचित उघडं राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रूबिएलने घंटा खाली ठेवली.

गाणं संपल्यावर फानोर उभाच राहिला. "मला एक बोलायचंय," तो म्हणाला. "सहा वर्षं मी या माणसाला शिव्या दिल्या. माझ्या घरी त्याने म्हटलं, गुणगुणणं ऐकू येत नाही. मला येत होतं. म्हणजे मला वाटत होतं की येतंय. मी म्हटलं, मास्तर जळतो माझ्यावर. आज खऱ्या यंत्रावर ऐकलं आणि कळलं ते काय असतं. मास्तर, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. माफ करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एव्हेलियोची विधवा रडली. आर्नोबियोला वाटलं, आपल्या पायाखालची फरशी उघडावी आणि आपल्याला थेट मुख्य नळात नेऊन सोडावं.

"आणि असं यंत्र केवढ्याला मिळतं ते सांगा," फानोर डोळे पुसत म्हणाला. "माझं दुसरं शिलाई मशीन विकायचं म्हणतोय. आता उरलेत दिवस थोडे, ते नीट ऐकण्यात घालवू."

ओतिलिया जमिनीकडे बघत होती. ते मशीन तिचं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मेल्बा मात्र सरळ नवऱ्याकडे बघत होती.

आर्नोबियो पडद्यापाशी वाकला. तबकडी काढायला त्याने हात घातला आणि तसाच थांबला. मग तो बाजूला झाला. "फानोर," तो म्हणाला, "तबकडी तुझी आहे. तुझ्या हाताने काढ."

फानोर आला, गुडघ्यावर बसला, पडदा बाजूला करून आत बघू लागला. खूप वेळ बघत राहिला. लोकांना त्याची पाठ तेवढी दिसत होती. मग आतून तबकडी बाहेर आल्याचा बारीक आवाज झाला. फानोरने ती डबीत ठेवली, पडदा नीट सरळ केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चांगलं यंत्र आहे, मास्तर," तो म्हणाला. "सांभाळा." आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.

"तो निळा दिवाच सांगतो ना!" रूबिएल म्हणाला.

आर्नोबियो गप्प राहिला असता तर निभावलं असतं. फानोरने त्याला झाकलं होतं. लोकांसमोर ज्याची त्याने अब्रू काढली, त्याने लोकांसमोर त्याची अब्रू राखली होती, आणि ते त्याला सोसवेना. त्याने पडदा धरून ओढला. खिळ्यासकट तो खाली आला.

"निळ्या दिव्याचं यंत्र मेलंय," तो म्हणाला. "आज सगळं या डब्यावर वाजलं. डबा फानोरचा आहे. तोच तो. ठिपका बघा."

क्षणभर कुणाला उमजलं नाही. मग रूबिएल खदखदला, आणि मग सगळी खोली हसायला लागली. सहा वर्षांपूर्वी हसली होती तशीच, तेवढीच मोठ्याने. "लिपस्टिक कुठाय, मास्तर?" कुणीतरी ओरडलं. आर्नोबियो हात खाली सोडून उभा राहिला. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. फानोर तेवढा हसत नव्हता.

हसू ओसरल्यावर फानोरने विचारलं, "म्हणजे तेव्हाही ते गुणगुणणं येत होतं."

"येत होतं."

"तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं. पहिल्या सुरापासून."

"मग तसं का म्हणालास?"

आर्नोबियोने काहीतरी बरं दिसेल असं शोधलं. सापडलं नाही. "तुझ्या घरी लोक माझ्या घरापेक्षा खूश होते," तो म्हणाला. "तू बरोबर ओळखलं होतंस. मी जळलो."

आता मात्र कुणी हसलं नाही. फानोर तबकडीची डबी हातात फिरवत होता. "मी सहा वर्षं घरात एक गाणं लावलं नाही, आर्नोबियो," तो म्हणाला. "वाटलं, आपल्याला ऐकताच येत नाही, तर उगाच कशाला. एव्हेलियो सांगायचा, लाव रे, लाव. तो असेपर्यंत तरी लावायला हवं होतं."

आर्नोबियोने खाली पडलेला पडदा उचलून त्याची घडी घातली.

ओतिलिया उठली. तिने डब्याच्या वायरी काढल्या, एकेक करून, आणि तो काखेत मारला. "पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे," ती खोलीला म्हणाली. "मेल्बा, तू सकाळीच ये, पानं पुसायला." दारात तिने मागे वळून आर्नोबियोकडे बघितलं. "तूही ये. खुर्ची आण. आमच्याकडे कमी आहेत."

त्या रविवारी आर्नोबियो प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन भर दुपारी गल्लीतून चालत गेला. बघणाऱ्यांनी बघितलं. तो दाराशीच बसला. डबा उघड्यावर टेबलावर होता, आणि ज्याची तबकडी तोच ती घालत होता. पहिलं गाणं संपलं आणि सवयीने सगळे आर्नोबियोकडे वळले. त्याने फानोरकडे बघितलं.

"छान वाजलं," फानोर म्हणाला, आणि लोकांनी तोच निकाल मानला.

मग ओतिलिया टोपली घेऊन फिरू लागली. एकेकाच्या हातात गरम तमाल पडत होता. दारापाशी येईपर्यंत टोपली रिकामी झाली होती. तिने ती वाकडी करून आर्नोबियोला तळ दाखवला.

"तीसच केले होते," ती म्हणाली. "तेव्हा केले होते तेवढेच."

"बरोबर आहे," आर्नोबियो म्हणाला.

पलीकडे मेल्बा केळीचं पान उघडून खात बसली होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि शेवटचा घासही स्वतःच खाल्ला.